दिवसाला वीस रुपये: मोटारसायकलची निगा, सर्व्हिसिंगच्या वेळा आणि खर्चाचा हिशेब

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आठवीच्या वर्गातील एक मुलगा सलग नऊ दिवस शाळेत आला नाही. हुशार पोरगा, हजेरी कधी चुकवत नसे. घरी निरोप पाठवला तेव्हा कळले की त्याच्या अब्बांची गाडी बंद पडली आहे. अब्बा रेडिमेड कपड्यांचा माल गाडीवर बांधून एरंडोल, धरणगाव, पारोळा असे आठवडी बाजार करतात. गाडी नाही म्हणून एसटीने जावे लागत होते आणि गाठोडी उचलायला सोबत मुलगा लागत होता.

पारोळ्याच्या पुढे हायवेवर इंजिन जाम झाले होते. मिस्त्रीने इंजिन उघडून दाखवले आणि म्हणाला, "भाई, इस में ऑइल था ही नहीं." पिस्टन घासला, बोअर गेला, बिल ७,८०० रुपये. बुडालेल्या बाजारांचा हिशेब वेगळा. अब्बांचे एकच म्हणणे होते: "सर, टाकीत पेट्रोल तर फुल होतं. गाडीनं कधी त्रास दिला नाही, म्हणून कधी दाखवली नाही."

हे वाक्य आम्ही जळगावात ऐकले, धुळ्यात ऐकले आणि खरे सांगायचे तर स्वतःही बोललो आहोत. आपल्या समाजात गाडी ही शौकाची वस्तू कमी आणि रोजीची जास्त. फेरीवाला, दूधवाला, लूमवर रात्रपाळीला जाणारा कामगार, रोज अप-डाऊन करणारा शिक्षक, सगळ्यांचे घर त्या दोन चाकांवर चालते. म्हणून या लेखात साध्या भाषेत तीन गोष्टी मांडतो: गाडीला कधी काय लागते, का लागते आणि वर्षाला किती खर्च येतो.

ऑइलचा विसर का पडतो?

आधी थोडे मागे जाऊ. पूर्वी राजदूत किंवा स्कूटर असायची, ती टू-स्ट्रोक. तिला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकावे लागे. पंपावर दर वेळी ऑइलची आठवण आपोआप व्हायची. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, ती फोर-स्ट्रोक. टाकी एकदा भरा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. पुढे १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि गावोगावी पोचली. जाहिरात पेट्रोलपुरती खरी होती, कारण ॲव्हरेजच तसे होते. पण लोकांनी ऑइलही विसरायला सुरुवात केली.

फोर-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलबरोबर जात नाही. ते इंजिनच्या खालच्या भागात वेगळे भरलेले असते आणि महिनोन्महिने तेच फिरत राहते. १०० सीसीच्या गाडीत ते एक लिटरच्या आसपास किंवा थोडे कमीच असते. एवढ्याशा तेलाकडे कामे किती पाहा: पिस्टन आणि बोअरमधले घर्षण कमी करणे, इंजिनची गरमी वाहून नेणे, आतला काजळीचा मळ धरून ठेवणे. शिवाय गिअर आणि क्लच प्लेटाही त्याच तेलात बुडालेल्या असतात. चालता चालता तेल पातळ होते, काळे पडते आणि थोडे जळूनही जाते. गाडी जुनी असेल तर जास्त जळते. पेट्रोल संपले की गाडी थांबते. ऑइल संपत आले तरी गाडी चालत राहते आणि शेवटी एकदमच जाम होते. खरा धोका हाच आहे.

कधी काय करावे?

प्रत्येक कंपनीचे वेळापत्रक थोडे वेगळे असते. गाडीसोबत मिळालेले पुस्तक हेच प्रमाण मानावे. पुस्तक हरवले असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरून मोबाईलवर उतरवता येते. १०० ते १२५ सीसीच्या रोजच्या गाड्यांसाठी साधारण हिशेब असा:

नवी गाडी: पहिली सर्व्हिसिंग ५०० ते १,००० किमीच्या दरम्यान. ही अजिबात चुकवू नये. नव्या इंजिनचे भाग एकमेकांत बसताना धातूचा बारीक चुरा निघतो, तो पहिल्या ऑइलसोबत बाहेर जातो. फ्री सर्व्हिसिंगमध्ये मजुरी फुकट असते, ऑइलचे पैसे द्यावे लागतात. पुढे वॉरंटीचा दावा करायचा असेल तर या सगळ्या सर्व्हिसिंगची नोंद लागते.

दर आठवड्याला: टायरची हवा, ब्रेक, लाइट, हॉर्न आणि ऑइलची पातळी. ऑइल पाहायला दोन मिनिटे पुरतात. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावावी. दोन-तीन मिनिटे चालू ठेवून बंद करावी आणि तितकाच वेळ थांबावे. ऑइलच्या झाकणाला काडी असेल तर ती पुसून परत भोकात टेकवावी. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत झाकण आटे न फिरवता नुसते टेकवायचे असते. तेल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये दिसले पाहिजे. काही गाड्यांना काडीऐवजी इंजिनवर काचेची छोटी गोल खिडकी असते, तिथे बाहेरूनच दिसते.

दर ५०० ते १,००० किमीला: चेन साफ करून तेल देणे. चेन जास्त ढिली किंवा जास्त ताणलेली नको. बोटाने मधोमध वर-खाली केल्यावर बहुतेक गाड्यांत दोन ते तीन सेंटिमीटर हलावी. अनेकजण चेनवर जळके ऑइल टाकतात. त्यात आधीच मळ असतो आणि त्यावर आणखी धूळ चिकटते. त्यापेक्षा ९० नंबरचे गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे वापरावा. चेनला पूर्ण कव्हर असलेल्या गाड्यांत चेन दिसत नाही म्हणून कोणी पाहतच नाही. त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे.

दर ३,००० किमीला: छोटी सर्व्हिसिंग. ब्रेक सेट करणे, केबलना तेल, नट-बोल्ट आवळणे, एअर फिल्टर पाहणे, टॅपेट तपासणे. टॅपेटचा हलका आवाज येत असेल तर घाबरू नये. आवाज पूर्ण बंद करून द्या असा हट्ट करून टॅपेट जास्त टाइट केला तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि जळतो.

दर ६,००० किमीला: प्लग काढून साफ करणे आणि गॅप पाहणे.

दर १२,००० किमीच्या आसपास: प्लग आणि एअर फिल्टर बदलणे. एक गोष्ट लक्षात ठेवावी. फोमचा फिल्टर धुऊन, वाळवून, ऑइल लावून परत बसवता येतो. तेलकट कागदाचा फिल्टर मात्र हवा मारून किंवा धुऊन चालत नाही, तो बदलावाच लागतो.

दर दोन वर्षांनी: डिस्क ब्रेक असेल तर त्याचे ब्रेक ऑइल बदलणे. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि मग ब्रेकचा जोर कमी होतो.

ऑइल किती किलोमीटरला बदलावे?

सर्वात जास्त वाद याच प्रश्नावर होतो. मिस्त्री सांगतो दोन हजाराला बदला. काही कंपन्यांचे पुस्तक सांगते सहा हजाराला, मध्ये पातळी पाहून भर टाका. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे. पुस्तक चांगल्या ऑइलचा आणि साधारण वापराचा विचार करते. मिस्त्रीने मात्र अशी इंजिने उघडलेली असतात, ज्यांच्या मालकांनी मध्ये कधी पातळी पाहिलीच नव्हती.

आमचे मत असे: नवी गाडी असेल, पातळी नियमित पाहत असाल, तर पुस्तकाप्रमाणे चालावे. गाडी सहा-सात वर्षांपेक्षा जुनी असेल, माल लादून चालत असेल किंवा गल्लीबोळांत थांबत-थांबत फिरत असेल, तर ३,००० किमीला बदलावे. आणि किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा बदल झालाच पाहिजे.

खान्देशचे ऊन, धूळ आणि काळी माती

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. आपल्या बहुतेक गाड्या हवेवर थंड होणाऱ्या आहेत. इंजिनवरच्या ज्या पट्ट्या दिसतात, त्यांवरून वारा गेला की इंजिन थंड होते. पावसाळ्यात शेतशिवारातली काळी माती याच पट्ट्यांत भरते, वाळते आणि तशीच राहते. उन्हाळा लागण्याआधी ब्रशने ती साफ करावी. गरम इंजिनवर एकदम गार पाणी मारू नये आणि प्रेशरचे पाणी सायलेन्सरच्या तोंडात किंवा वायरिंगवर जाऊ देऊ नये.

जळगाव ते धुळे एका बाजूचे साधारण ९० किमी पडतात. दुपारी एकच्या उन्हात, मागे माणूस आणि माल घेऊन सलग ८० च्या वेगाने निघालो तर १०० सीसीच्या इंजिनवर फार ताण येतो. एरंडोल किंवा पारोळ्याला दहा मिनिटे थांबून चहा घेतला तर गाडीलाही दम मिळतो.

हवा हा आणखी एक दुर्लक्षित विषय. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरला एकट्यापेक्षा जास्त हवा लागते. दोन्ही आकडे बहुतेक गाड्यांवर स्टिकरवर छापलेले असतात. हवा सकाळी टायर थंड असताना भरावी. कमी हवेने टायर कडेने झिजतो आणि ॲव्हरेज पडते.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर फाटलेले असेल तर लगेच बदलावे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा रबरी पाइप कडक झाला आहे का, चिरा पडल्या आहेत का, हे दर सर्व्हिसिंगला पाहून घ्यावे.

वर्षाचा खर्च किती?

आता हिशेब. समजा गाडी १०० सीसीची आहे आणि महिन्याला १,००० किमी, म्हणजे वर्षाला १२,००० किमी चालते. खालचे दर आम्ही अंदाजाने धरले आहेत. गाडी, ब्रँड आणि दुकानाप्रमाणे थोडे वर-खाली होतील.

इंजिन ऑइल, ४ वेळा, प्रत्येकी ४०० रुपये: १,६०० रुपये
मजुरी, ४ वेळा, प्रत्येकी २५० रुपये: १,००० रुपये
एअर फिल्टर: २०० रुपये
प्लग: १३० रुपये
पुढचे-मागचे ब्रेक लायनर: ५०० रुपये
चेन सेट (१,२०० रुपये, दोन वर्षे चालेल असे धरून): ६०० रुपये
टायर (मागचा दोन वर्षे, पुढचा तीन वर्षे धरून): १,४०० रुपये
बॅटरी (१,२०० रुपये, तीन वर्षे): ४०० रुपये
पंक्चर, केबल, बल्ब वगैरे: ६०० रुपये

बेरीज ६,४३० रुपये. यात इन्शुरन्स आणि पीयूसीचे साधारण ८९० रुपये धरले तर ७,३२० रुपये होतात. म्हणजे महिन्याला सुमारे ६१० आणि दिवसाला २० रुपये.

याच गाडीला ६० चे ॲव्हरेज असेल तर वर्षाला २०० लिटर पेट्रोल लागते. लिटर १०५ रुपये धरला तर २१,००० रुपये. फिल्टर चोंदला, हवा कमी, चेन कोरडी, ब्रेक घासतोय, अशा कारणांनी ॲव्हरेज ५५ वर आले तर १८ लिटर जास्त जळते, म्हणजे सुमारे १,९०० रुपये. वर्षभराच्या ऑइलची किंमत यापेक्षा कमी आहे. सर्व्हिसिंग टाळून पैसे वाचतात असे वाटते, पण ते पेट्रोल पंपावर जातात.

त्या मुलाच्या अब्बांनी दोन वेळचे ऑइल टाळले होते. वाचले १,३०० रुपये, गेले ७,८००.

एक दिलाशाची बाब म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकली आणि सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. पार्ट घेताना डब्यावर छापलेली किंमत पाहावी.

बचत कुठे करावी, कुठे करू नये?

ऑइल, ब्रेक लायनर, टायर आणि चेन सेट या चार वस्तूंत स्वस्ताच्या मागे लागू नये. दोन गोष्टी इंजिनच्या जिवाच्या आहेत, दोन आपल्या जिवाच्या. ऑइलची सीलबंद बाटली आपल्यासमोर उघडून घ्यावी. बाटलीवर १० डब्ल्यू ३०, २० डब्ल्यू ४० असे नंबर असतात, आपल्या गाडीच्या पुस्तकात जो नंबर आहे तोच घ्यावा. 'जासो एमए' असा शिक्काही पाहावा. हा शिक्का क्लच तेलात बुडालेल्या मोटारसायकलींसाठीच्या ऑइलवर असतो. कारचे ऑइल उरले म्हणून गाडीत टाकले तर क्लच घसरू लागतो: इंजिन ओरडते पण गाडी पळत नाही.

आरसा, इंडिकेटरची काच, सीट कव्हर, फूटरेस्टचे रबर यांत लोकल माल घेतला तरी काही बिघडत नाही.

जुना पार्ट परत मागावा. यात मिस्त्रीवर अविश्वास नाही. झिजलेला पार्ट हातात घेऊन पाहिला की पुढच्या वेळी आपल्यालाच कळते. चांगला मिस्त्री स्वतःच दाखवतो.

कंपनीचे वर्कशॉप की मोहल्ल्यातले गॅरेज? गाडी वॉरंटीत आहे तोवर वर्कशॉप. त्यानंतर ओळखीचा, हात साफ असलेला मिस्त्री बरा. फक्त एक फरक लक्षात घ्यावा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. मीटरवर इंजिनचा दिवा सतत लागून राहिला तर स्कॅनर असलेल्या मिस्त्रीकडेच जावे. अंदाजाने वायरी काढू देऊ नये. आपल्या भागातली बरीच गॅरेजे शुक्रवारी बंद असतात आणि रविवारी गर्दी असते, म्हणून मधल्या वारी सकाळी गाडी लावावी. मिस्त्रीलाही निवांत काम करता येते.

कागदपत्रेही निगेचाच भाग

७५ ते १५० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स १ जून २०२२ च्या दराप्रमाणे वर्षाला ७१४ रुपये अधिक जीएसटी आहे. नव्या गाडीला सुरुवातीलाच पाच वर्षांचा मिळतो आणि सहाव्या वर्षी लोक विसरतात. इन्शुरन्स नसताना पकडले तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड. पण दंड ही लहान गोष्ट आहे. आपल्या गाडीने कोणाला इजा झाली आणि इन्शुरन्स नसेल, तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. त्यात घर विकायची वेळ येऊ शकते.

पीयूसी बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षाने, त्याहून जुन्यांना सहा महिन्यांनी लागते. एमएच १९ असो की एमएच १८, आरसी पंधरा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावे लागते. तारखा मोबाईलमध्ये लावून ठेवाव्यात.

एक वही ठेवा

तो मुलगा दहाव्या दिवशी शाळेत आला. आम्ही त्याला काही बोललो नाही. त्या आठवड्यात आठवीला गणितात सरासरी आणि टक्केवारी चालू होती. मुलांना सांगितले की घरच्या गाडीचा मीटर पाहून या, शेवटचे ऑइल कधी बदलले ते विचारून या. तेहतीस मुलांपैकी अकरा जणांच्या घरी तारीख सांगता आली. बाकीच्यांचे उत्तर एकच: "सर, अब्बा म्हणाले चालतेय ना."

मग सगळ्यांनी गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखले: तारीख, मीटरचे आकडे, काय काम केले, किती पैसे लागले. पेट्रोल भरल्याचीही नोंद. दोन महिन्यांत मुले स्वतः ॲव्हरेज काढू लागली. एका मुलीने घरी सांगितले की आपली गाडी पूर्वीपेक्षा लिटरमागे सात किमी कमी देते. गॅरेजला दाखवली तर मागचा ब्रेक धरून राहत होता, चाक मोकळे फिरतच नव्हते. मिस्त्रीने पन्नास रुपये घेतले.

तुम्हीही अशी वही ठेवा, नाहीतर सीटखाली कागद ठेवा. आज घरी गेल्यावर ऑइलची काडी काढून पाहा. खालच्या खुणेपाशी असेल तर उद्याचा बाजार उशिरा गाठला तरी चालेल, आधी ऑइल टाका.